परशुराम नाखव्याची स्लो

ठाण्याच्या चेंदणी कोळीवाड्यात हट्टी माणसांचा तुटवडा कधीच नव्हता, पण परशुराम नाखव्याचा हट्ट कानांनी ऐकू यायचा. त्याची डिझेल पिकप गल्लीच्या तोंडाशी उभी राहिली की तिचं इंजिन धग... धग... धग... असं रडतखडत चालायचं, आणि दोन धगांच्या मधे ऐकणाऱ्याला वाटायचं, गेली. पुष्कळदा ती खरंच गेलेली असायची.

गाडी उभी आहे, अॅक्सिलरेटरवर पाय नाही, तेव्हा इंजिन ज्या वेगाने आपलं आपण चालत राहतं त्याला गॅरेजवाले 'स्लो' म्हणतात. डिझेलच्या पंपाला एक छोटा स्क्रू असतो. तो आत फिरवला की स्लो वाढते, बाहेर काढला की उतरते. फार वाढवली तर उभी गाडी उगाच डरकाळ्या फोडते, फार उतरवली तर आधी थरथरते आणि मग मरते. एवढंच शास्त्र. शेंबड्या पोरालाही कळेल, पण परशुरामला ते कळून घ्यायचं नव्हतं, आणि ज्याला कळून घ्यायचं नाही त्याच्यापुढे देवसुद्धा हात टेकतो.

"उभ्या मान्सानं धापा टाकायच्या नसतात," तो म्हणायचा. "मंग गाडीनं कशाला टाकायच्या?"

खरी गोष्ट वेगळीच होती. त्याचा जन्म मचव्यावर गेला होता. खाडीत जाळं टाकलं की मचव्याचं इंजिन तो इतकं खाली आणायचा की ते नुसतं श्वास घेत राहायचं, आणि त्या तालावर हा बसल्या जागी डुलक्या काढायचा. पुढे खाडीत कारखान्यांचं पाणी उतरलं. कोळंबी गेली, उरल्यासुरल्या बोईट माशांना औषधाच्या दुकानासारखा वास यायला लागला. परशुरामने मचवा विकला. विकताना त्याच्या डोळ्यांत टिपूस आलं नाही. पण गिऱ्हाईक इंजिन चालू करून मचवा घेऊन निघालं, तेव्हा आवाज पार पुलापलीकडे विरेपर्यंत हा धक्क्यावर उभा होता, आणि घरी येऊन जेवला नाही. पुढे जुनी पिकप घेतली, त्याच दिवशी बॉनेट उघडून त्याने तो स्क्रू बाहेर काढायला सुरुवात केली. फिरवायचा, कान लावायचा, पुन्हा फिरवायचा. मचव्याचा ताल सापडला तिथे थांबला. हे त्याने कुणालाच सांगितलं नाही, बायकोलाही नाही. कुणी विचारलं तर म्हणायचा, डिझेल वाचतं.

आता खाडी ती खाडी आणि रस्ता तो रस्ता. पहाटे मुंबईच्या बंदरावर मासळी भरायची आणि कळवा, शीळफाटा करत डोंबिवली-कल्याणच्या बाजारात उतरवायची, असा त्याचा धंदा. या वाटेवर गाडी बंद पडली नाही अशी जागा शोधावी लागली असती. सिग्नलला पडायची. जकातनाक्यावर पडायची. डोंबिवलीच्या रेल्वे फाटकात तर ऐन रुळांवर पडली, आणि गेटमनने शिव्या देत देत स्वतः ढकलली. शेजारच्या सीटवर बसलेल्या सगुणाच्या, म्हणजे परशुरामच्या बायकोच्या बांगड्या त्या थरथरीने अखंड वाजत असायच्या. डॅशबोर्डवर एकवीरा आईचा फोटो होता. तो थरथरत थरथरत हळूहळू वळायचा आणि कळव्यापर्यंत आईने तोंड दाराकडे केलेलं असायचं.

"देवीला बी उतरायचंय," सगुणा म्हणायची आणि फोटो सरळ करायची.

बाजारातल्या लोकांनी त्याचं नाव 'बंद नाखवा' ठेवलं. पाट्या उतरल्या की भाजीवाले न सांगता गाडीच्या मागे येऊन उभे राहायचे, कारण ढकलावी लागणार हे ठरलेलंच. परशुरामला त्याची लाज वाटायची. खूप वाटायची. पण स्क्रू काही तो आत फिरवायचा नाही.

ग्रेगरी हा ठाण्यातल्याच ख्रिस्ती गावठाणातला. त्याच्या बापाचं भात आणि परशुरामच्या बापाची मासळी अशी दोन घरांची देवघेव जुनी, त्यामुळे हे दोघे एकमेकांच्या अंगणात रांगलेले. ग्रेगरीचं खाडीपुलाजवळ गॅरेज होतं आणि डिझेल इंजिनात त्याचा हात चांगला होता. पहिल्यांदा पिकप त्याच्याकडे आली तेव्हा बिचाऱ्याने सगळं मनापासून तपासलं. डिझेलच्या नळीत हवा शिरली असेल म्हणून हवा काढली. फिल्टर बदलला. नोझल काढून साफ केले. एखाद्या डॉक्टरने रक्त, थुंकी, एक्सरे सगळं करावं आणि शेवटी कळावं की पेशंट मुद्दाम श्वास रोखून बसलाय, तशी त्याची गत झाली. त्याने स्क्रू आत फिरवला आणि गाडी शहाण्यासारखी चालायला लागली.

"नाखवा, गाडीला काय झालेला नाय," तो म्हणाला. "जे झालाय ते तुला झालाय."

परशुराम हसून घरी गेला आणि संध्याकाळी स्क्रू होता तिथे आणून ठेवला. हे पुष्कळदा झालं. मग ग्रेगरीने एक शक्कल काढली. त्याच्या मुलीची, उर्सुलाची लाल नेलपॉलिशची बाटली उचलली आणि स्लो बरोबर लावून झाल्यावर स्क्रूच्या डोक्यावर एक ठिपका दिला. स्क्रू हलला की ठिपका फुटणार आणि चोरी पकडली जाणार. ग्रेगरी स्वतःवर फार खूश झाला. रोझाला, म्हणजे बायकोला, त्याने जेवताना ते सांगितलंही.

तरी गाडी बंद पडतच राहिली. बॉनेट उघडावं तर ठिपका शाबूत, लालचुटुक. ग्रेगरी चक्रावला. त्याने पुन्हा हवा काढली, पुन्हा नोझल साफ केले. गॅरेज उघडल्यापासून असा अपमान त्याचा कुणी केला नव्हता. रात्ररात्र झोप नाही, आणि परशुराम आपला बाजूला स्टुलावर बसून चहा पितोय, "काय असल रं?" म्हणून विचारतोय.

उलगडा केला सगुणाने. नवऱ्याचा सदरा धुवायला टाकताना तिच्या हाताला खिशात बाटली लागली. लाल नेलपॉलिश. पन्नाशीचा नवरा, अंगाला बोंबलाचा वास, आणि खिशात हे. सगुणाने सदरा तसाच पिळून खांद्यावर टाकला आणि गल्लीतून ओट्यापर्यंत आली. तिथे परशुराम चारचौघांत पत्ते खेळत बसला होता.

"अवं, ही कुनाची?"

खेळ थांबला. पत्तेवाल्यांनी आपापल्या पानांत तोंडं घातली, कान मात्र बाहेर ठेवले.

"गाडीची," परशुराम म्हणाला.

हे उत्तर खरं होतं, पण जगातल्या कुठल्याही बायकोला पटलं नसतं. सगुणाने शेजारणी जमवल्या, सासूच्या फोटोला साक्षीला घेतलं, आणि अखेर त्याला हाताला धरून गाडीपाशी नेऊन बॉनेट उघडायला लावलं. त्याने स्क्रू दाखवला. ठिपका दाखवला. जांभळी नाक्यावरच्या दुकानात उर्सुलाच्या बाटलीसारखाच रंग शोधताना आपण किती वेळ घालवला तेही सांगितलं. सगुणा आधी हसली, मग तिला राग आला, आणि ती तडक ग्रेगरीच्या गॅरेजात गेली. दुसरी कुणी बाई असती तरी दुखलं असतं, पण स्क्रूसाठी नवरा असा वागतो हे तिला फारच लागलं.

ग्रेगरीने त्यानंतर हात जोडले. स्लो परशुरामला हवी तिथेच, पार खाली ठेवली, वर स्वतःच्या हाताने लाल ठिपका दिला आणि म्हणाला, "हा तुजा स्क्रू, ही तुजी गाडी. आता तू बी हात लावू नको आनि मी बी नाय. आनि बंद पडली तर माजं नाव घेऊ नको." असा तह झाला, आणि दोन वर्षं दोघांनी तो पाळला.

मग उर्सुलाचं लग्न ठरलं. नवरा मुलगा वसईचा. गावठाणातल्या घरापासून चर्चपर्यंत बँड लावून वरात जायची. ग्रेगरीच्या मेव्हण्याने फुलांची मोटार ठरवली होती, पण उर्सुला अडून बसली. लहानपणी ती परशुरामच्या मचव्यात बसून खाडीभर फिरलेली. तिचं म्हणणं, मचवा नाही तर नाही, मी नाखवा काकांच्या गाडीतूनच चर्चला जाणार. हे ऐकून परशुरामला इतका आनंद झाला की त्याने त्या दिवशी बाजारात भाव करणाऱ्यांशी भांडण केलं नाही.

रोझाला मात्र घाम फुटला. नवरी घेऊन निघालेली गाडी वाटेत बंद पडणं याहून मोठा अपशकुन तिच्या लेखी नव्हता. तिच्या मावशीच्या वरातीत असं झालं होतं आणि मावशीच्या संसाराचं पुढे काय झालं ते सगळ्या गावठाणाला पाठ होतं. ती परशुरामच्या घरी आली, खुर्चीवर बसली नाही, उभ्यानेच म्हणाली, "नाखवा, पोरीचा हट्ट हाय म्हनून देतय. पन एक सांगतय. माजी पोर गाडीतून उतरेपर्यंत इंजिन बंद पडता कामा नये. पडली तर आपला येनंजानं संपला."

"नाय पडनार," परशुराम म्हणाला.

म्हणाला खरा. पण त्या रात्री तो बॉनेटवर हात ठेवून उभा राहिला. तो आपली गाडी ओळखून होता. दोन घरांचं नातं एका स्क्रूवर येऊन टेकलं होतं, आणि त्या स्क्रूला हात लावायचा म्हणजे मचव्याचा उरलासुरला आवाज आपल्याच हाताने पुसायचा. पुन्हा तो बरोब्बर सापडेल याची काय खात्री? आता कानही पूर्वीचे राहिले नव्हते.

लग्नाच्या आदल्या दिवशी दुपारी त्याने गाडी धुतली. फिनाईलने धुतली, लिंबू चोळून धुतली, सोडा टाकून धुतली, शेवटी गुलाबपाणी शिंपडलं. आता तिला गुलाबात घोळवलेल्या बोंबलांचा वास यायला लागला. मग त्याने बॉनेट उघडलं, ठिपका खरवडला, आणि पोरीसाठी स्क्रू अर्धा फेरा आत घेतला. इंजिन झोकात चालायला लागलं. परशुराम त्याच्याकडे परक्याच्या लेकराकडे बघावं तसा बघत राहिला. पण ग्रेगरीपुढे हरलो हे कबूल करायचं? छे. त्याने खिशातली बाटली काढली आणि पहिल्यासारखा लाल ठिपका देऊन टाकला.

लग्नाच्या दिवशी सकाळी, परशुराम आंघोळीला गेला असताना, ग्रेगरी सूट घालून हळूच गाडीपाशी आला. वाटेत गाडी पडेल ही धास्ती त्यालाही होती. बॉनेट उघडून पाहिलं तर ठिपका शाबूत. म्हणजे नाखव्याने तह पाळलाय, स्लो तिथेच, पार खाली. गाडी चालू करून बघावी तर आवाजाने नाखवा धावत येईल आणि तह मोडला म्हणून बोंब मारेल. त्याने मुकाट्याने ठिपका खरवडला, स्क्रू अर्धा फेरा आत घेतला, आणि उर्सुलाच्या बाटलीतून नवा ठिपका दिला. मग हात पुसून घरी जाऊन बसला.

वरातीच्या वेळी परशुरामने चावी फिरवली आणि गाडी अशी काही गरजली की आंब्यावरचे कावळे उडाले. परशुराम दचकला. अर्धा फेरा एवढा? आपला हात इतका चुकला? पण केबिनमध्ये उर्सुला पांढऱ्या झग्यात बसली होती, शेजारी रोझा, मागे हौद्यात लग्नाची गाणी म्हणणाऱ्या म्हाताऱ्या सतरंजीवर बसल्या होत्या आणि पुढे बँड उभा. आता बॉनेट उघडायचं म्हणजे सगळ्यांदेखत, ग्रेगरीदेखत कबूल करायचं. त्याने पहिला गिअर टाकला.

बँडचा मास्तर होता महिपत, कल्याणचा. शांत, पोटाने भारदस्त माणूस. त्याची वरातीची चाल ठरलेली, एक पाऊल, मग थोडं डुलणं, मग दुसरं पाऊल. पण परशुरामने अॅक्सिलरेटरवरून पाय काढून घेतला तरी पिकप नुसत्या स्लोवर माणसाच्या चालीपेक्षा जोरात निघाली. बंपर मोठ्या ढोलवाल्याच्या पोटऱ्यांना लागला. ढोलवाला उडी मारून पुढे झाला, त्यामुळे त्याच्या पुढचा ट्रम्पेटवाला पुढे झाला, आणि महिपतच्या पाठीत पितळी कर्णा बसला. परशुरामने क्लच दाबून गाडी थांबवली. पाय सोडला की ती पुन्हा झेपावायची.

"काय हे?" रोझा म्हणाली.

"आनंदात हाय गाडी," परशुराम म्हणाला.

बँडवाल्यांनी चाल वाढवली. चाल वाढली म्हणून गाणं वाढलं. गाणं वाढलं म्हणून नाचणाऱ्यांना जोर चढला, आणि हळूहळू ती वरात न राहता बँडची पळापळ झाली. मागच्या म्हाताऱ्या गाण्याची ओळ सुरू करायच्या आणि श्वास संपल्याने अर्ध्यात सोडायच्या. ग्रेगरी गाडीशेजारून सूटमध्ये धावत होता. त्याला वाटत होतं, हे पाप माझं. परशुरामला वाटत होतं, माझं. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं आणि दोघांनी मान फिरवली.

परिणाम असा झाला की वरात चर्चच्या दारात वेळेच्या फार आधी पोचली. नवरदेव अजून आला नव्हता. आधीच्या प्रार्थनेची माणसंही पुरती बाहेर पडली नव्हती. आणि नवरदेव आत उभा असल्याशिवाय नवरीने खाली उतरायचं नाही, ही रोझाची दुसरी अट.

गाडी दारात उभी राहून गरजत राहिली. धूर सरळ चर्चमध्ये जायला लागला. फादर खोकत बाहेर आले.

"ती गाडी जरा बंद करता का?"

"नाही फादर," रोझा म्हणाली. "पोर उतरल्याशिवाय नाय."

"मग पोरीला उतरवा."

"नवरा आल्याशिवाय नाय."

फादरनी वर आभाळाकडे पाहिलं. तिकडूनही काही मार्ग निघाला नाही. उर्सुलाने हातमोज्यांतले हात कानांवर धरले होते आणि तिच्या पापण्यांचं काजळ धुराने गळायला लागलं होतं. ते पाहून मात्र परशुरामचा धीर सुटला. तो उतरला, बॉनेट उघडलं, आणि इतक्यात दुसऱ्या बाजूने ग्रेगरीही येऊन वाकला. दोघांचे हात एकाच वेळी स्क्रूवर गेले.

"मी फिरवलेला," परशुराम म्हणाला. "काल. अर्धा."

ग्रेगरी त्याच्याकडे बघतच राहिला. "मी बी फिरवला. आज. अर्धा."

"ठिपका होता की."

"माज्या वेलेला बी होता."

 मग परशुरामने मान खाली घातली. त्या गडगडाटात त्याला जवळजवळ ओरडूनच बोलावं लागलं, आणि जे त्याने सगुणालाही कधी सांगितलं नव्हतं ते सगळ्या वऱ्हाडादेखत ओरडून सांगितलं.

"डिझेल वाचवायला नाय रं. माज्या मचव्याचा आवाज व्हता त्यो. आता ग्येला. मना परत नाय गावायचा."

ग्रेगरीने सुटाच्या खिशातून, रुमालाच्या आतून, एक छोटा स्क्रू-ड्रायव्हर काढला. कान लावला नाही, पुन्हा पुन्हा फिरवून पाहिला नाही. डोळे मिटले आणि स्क्रू एकाच फेऱ्यात बाहेर घेतला. गडगडाट खाली आला, आणखी खाली आला, आणि थांबला तिथे धग... धग... धग... असा तोच ताल, जरासुद्धा इकडे नाही की तिकडे नाही. ज्या आवाजाला वर्षानुवर्षं शिव्या दिल्या तो ग्रेगरीला तोंडपाठ झाला होता. परशुरामने बॉनेटच्या कडेला दोन्ही हातांनी घट्ट धरलं. त्याला एकदम रडू आलं आणि त्याने डोळे पुसलेही नाहीत.

"बंद पडल ही," रोझा केबिनमधून म्हणाली, पण तिचा आवाजही खाली आला होता.

"पडू दे," उर्सुला म्हणाली.

पण पडली नाही. अडखळली, थरथरली, एकवीरा आईने तोंड दाराकडे फिरवलं, तरी पडली नाही. नवरदेव आला, आत जाऊन उभा राहिला, ग्रेगरीने हात दिला आणि उर्सुला उतरली. सगळे तिच्यामागे आत गेले. गाडीचं इंजिन बंद करायची दांडी ओढायचं कुणाच्याच लक्षात राहिलं नाही.

फादरनी उर्सुलाला विचारलं, हा तुला नवरा म्हणून मान्य आहे का? चर्च अगदी शांत झालं. त्या शांततेत बाहेरून धग... धग... येत होतं. मग एक धग आलं, आणि पुढचं आलंच नाही.

नवरीच्या बापाने अशा वेळी नवरीकडे पाहावं. ग्रेगरीने मान वळवून दाराकडे पाहिलं. शेवटच्या बाकावरून परशुराम अर्धा उठला होता. ग्रेगरीने त्याच्याकडे पाहून, चर्चमध्ये जेवढं हळू बोलता येतं तेवढं हळू, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हटलं, "उतरल्यावर पडली."

रोझाने त्याला कोपर मारलं. उर्सुला चेहऱ्यावरच्या जाळीआड हसायला लागली, आणि हसता हसताच म्हणाली, "हो."